पोर्शन कुणाचा पुरा होतो?

जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या एका पुस्तकाने महाराष्ट्राला भरपूर हसवले. बालभारतीच्या त्या नव्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणि 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' असेही वाचायची सोय होती. झाले! व्हॉट्सॲपवर विनोदांची रास पडली, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोट्या झाल्या आणि मराठी भाषा आता बुडालीच, असे ठरवून लोक मोकळे झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने समजावत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत. पण 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी येतो, लिहिताना मात्र पाच आधी लिहावा लागतो, त्यात पुन्हा जोडाक्षरे, आणि इथे कितीतरी मुले अडखळतात. ज्यांना सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लहानपणी एका दमात म्हणता येत होते, त्यांना हे पटणे अवघडच होते. मीही तेव्हा हसलो होतो.

पुढे कधीतरी व्हिएतनामी आकडे पाहण्यात आले आणि त्या हसण्याची लाज वाटली. व्हिएतनामी भाषेत त्रेपन्नला 'नम मुओइ बा' म्हणतात, म्हणजे सरळ 'पाच दहा तीन'. अकरा म्हणजे 'दहा एक'. दहापर्यंतचे शब्द आले की नव्याण्णवपर्यंतचे बहुतेक आपोआप येतात. तिथल्या पहिलीतल्या पोराला भाषेने जे आयते दिले, तेच आपल्या पोराला देऊ पाहणाऱ्या बाईंची आपण टर उडवली.

व्हिएतनामची मुले गणितात पुढे का, याचे उत्तर एवढ्यात मिळाले असे मला म्हणायचे नाही. आकड्यांची नावे म्हणजे फार तर भाजीतले मीठ. जर्मन भाषाही आपल्यासारखी 'तीन आणि पन्नास' म्हणते आणि जर्मनांचे गणित काही बुडालेले नाही. पण त्या दिवसांत आपण कुणाला हसलो, हे मला महत्त्वाचे वाटते. देशादेशांतल्या शालेय यशात एवढा फरक का, हे शोधायला लागलो की मी फिरून फिरून त्याच जागी येतो.

ही तुलना बहुतेक वेळा ज्या परीक्षेवरून होते, तिचे नाव 'पिसा'. 'ओईसीडी' ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना २००० सालापासून ती घेते. पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा नमुना निवडायचा आणि वाचन, गणित, विज्ञान यांतले त्यांना प्रत्यक्ष वापरता किती येते ते पाहायचे, अशी तिची रीत. २०१२ मध्ये व्हिएतनाम पहिल्यांदा तिला बसला. गणितात ५११ गुण, विज्ञानात ५२८. त्याच फेरीत अमेरिकेला गणितात ४८१ आणि विज्ञानात ४९७ होते. व्हिएतनामचे दरडोई उत्पन्न तेव्हा अमेरिकेच्या विसाव्या हिश्श्याइतकेही नव्हते. आपल्यापेक्षा थोडे बरे, इतकेच. आणि उत्पन्नात जगाच्या माथ्यावर बसलेला कतार गणितात ३७६ वर होता.

आपणही एकदा बसलो होतो. २००९ च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांतल्या मुलांनी ही परीक्षा दिली. शिक्षणात बरे नाव असलेली ही राज्ये. निकाल २०११ च्या अखेरीस आला. ७४ देश-प्रदेशांच्या यादीत या दोघांच्या खाली एकटा किर्गिझस्तान. गणितात तमिळनाडू ३५१, हिमाचल ३३८. त्याच यादीत शांघाय ६०० वर. मग प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीच्या जगातले नव्हते, अशी तक्रार करून भारत बाहेर पडला. तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही. पण व्हिएतनामच्या खेड्यातल्या पोराला तरी ते प्रश्न कुठे घरचे होते?

चाणाक्ष वाचक इथे मला अडवेल, आणि अडवावेच. पिसाला शाळेत असलेलीच मुले बसतात. व्हिएतनाममध्ये २०१२ साली पंधरा वर्षांची जवळपास निम्मीच मुले या नमुन्याच्या कक्षेत येत होती. बाकीची शाळा सोडून गेलेली किंवा मागच्या इयत्तांत अडकलेली. म्हणजे गाळलेल्या पिठाची न गाळलेल्याशी तुलना. २०२२ मध्ये जास्त मुले कक्षेत आली, तेव्हा व्हिएतनामचे गणित ४६९ वर उतरले. ओईसीडी देशांची सरासरी त्या फेरीत ४७२ होती, म्हणजे उतरूनही ते श्रीमंत देशांच्या पंक्तीतच राहिले. तरी शंका रास्त आहे आणि ती फेडायला दुसरा पुरावा हवा.

तो आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालणाऱ्या 'यंग लाइव्ज' या प्रकल्पाने इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांतल्या सुमारे बारा हजार मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. भारतातली मुले तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातली. खुबी अशी, की या मुलांना गाठले ते घरी. शाळेत जाणारे, न जाणारे, सोडलेले, सगळे मोजणीत. अर्थतज्ज्ञ अभिजीत सिंग यांनी ही माहिती तपासली, तेव्हा दिसले ते असे: पाच वर्षांच्या वयात, शाळेचा उंबरा ओलांडण्याआधी, या देशांतल्या मुलांमध्ये फार अंतर नव्हते. आठव्या वर्षापर्यंत व्हिएतनामची मुले चांगलीच पुढे निघून गेली होती. तिथल्या प्राथमिक शाळेतले एक वर्ष मुलाच्या पदरात जेवढे टाकते, तेवढे इतरांकडचे टाकत नाही.

हा निष्कर्ष पचवायला जड आहे, कारण आपल्याला सोयीची अशी बरीच उत्तरे तो हातातून काढून घेतो. गरिबी, आईबापांचे शिक्षण, पोषण यांचा भार खराच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती, महाराष्ट्रातली ३५.२ टक्के. पुढारलेल्या राज्याने या आकड्याची शरम बाळगावी. पण पहिली ते तिसरी या वर्षांत जी फारकत होते, तिच्यात वर्गात काय घडते याचा वाटा मोठा आहे.

बुद्धीचे म्हणाल, तर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमुक दराने आठशे ग्रॅम बटाटे, तमुक दराने सव्वा किलो कांदे, दोनशेची नोट, परत किती? ही मुले तोंडी, क्षणात सांगतात. तोच हिशेब शाळेतल्या मांडणीने कागदावर दिला की गडबडतात. आणि शाळेत नियमित जाणाऱ्या, कागदावर बऱ्यापैकी गणिते करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८० च्या दशकात हेच दिसले होते. डोके दोन्हीकडे आहे, मधला पूल मात्र शाळेने बांधलेला नाही.

संस्कृतीचे उत्तर जास्त दमदार आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पण पूर्व आशियाई आईबापांच्या मुलांना २०१२ च्या पिसात गणितात बाकीच्या ऑस्ट्रेलियन मुलांपेक्षा शंभरावर गुण जास्त होते. देश तोच, शिक्षणव्यवस्था तीच, घर वेगळे. हॅरोल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर या अभ्यासकांनी मिनियापोलिस, सेंदाई आणि तैपेई इथल्या आयांशी बोलून पाहिले, तर अमेरिकन आयांचा भर जन्मजात कुवतीवर आणि जपानी आयांचा मेहनतीवर पडत होता. मूल मागे पडले, याचा अर्थ एकीकडे 'त्याला जमत नाही' असा आणि दुसरीकडे 'त्याने अजून केले नाही' असा लागत होता.

मराठीत तर या कुवतवादाला खास अक्षर बहाल केलेले आहे. ब्राह्मीपासून आजपर्यंत 'ढ'चा आकार फारसा बदलला नाही, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो मुलगा 'ढ', असे म्हणतात. व्युत्पत्ती खरी की खोटी देव जाणे, पण शब्द जिवंत आहे आणि तो पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलालाही लागतो.

फक्त संस्कृती ही काही डोंगरासारखी अचल वस्तू नव्हे. १९४५ साली जपानच्या जोखडातून सुटलेल्या कोरियात बहुसंख्य माणसे निरक्षर होती. कन्फ्यूशियसची परंपरा त्यांच्याकडे तेव्हाही होती, काही शतके होती. फ्रेंचांच्या अमलाखालच्या व्हिएतनामची तीच कथा. तिथे २ सप्टेंबर १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर झाले आणि आठवडा उलटायच्या आत हो चि मिन्ह यांच्या सरकारने सामान्यजनांच्या साक्षरतेचे खाते उघडले. भूक, अज्ञान आणि परकीय आक्रमक हे त्यांनी सांगितलेले तीन शत्रू. अज्ञानाला आक्रमकाच्या ओळीत बसवणारी घोषणा पोकळ ठरू शकली असती. तशा घोषणांचा आपल्याला अनुभव आहे. तिथे रात्रीचे वर्ग भरले, नुकते वाचायला शिकलेल्यांनी शेजाऱ्यांना शिकवले. दक्षिण कोरियाने १९५४ ते १९५९ या सहा वर्षांत, युद्धाने बेचिराख झालेल्या देशात, प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत आणायची योजना राबवली आणि १९६९ पासून माध्यमिक शाळेच्या प्रवेश परीक्षाच काढून टाकायला घेतल्या. आज ज्याला आपण तिकडची अभ्यासू संस्कृती म्हणतो, तिच्यात अशा सरकारी निर्णयांचा वाटा कमी नाही.

आता आपल्याकडचा क्रम बघा. घटनेने १९५० मध्ये दहा वर्षांची मुदत घालून चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची दिशा सांगितली. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये उभी राहिली, मुंबईची १९५८ मध्ये. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. आयआयटी काढल्या हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. ताटात आधी काय वाढले गेले, तेवढे दाखवतो आहे.

हे दाखवणारा मी पहिला नाही, आणि यासाठी कोरिया-व्हिएतनामपर्यंत जायचीही गरज नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन आजही वाचण्यासारखे आहे. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, वरच्यांना शिकवले की विद्या खाली झिरपेल ही समजूत फोल आहे, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांचे म्हणणे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्ती लागू केली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक कायदेमंडळात पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले. म्हणजे उत्तर आपल्याकडे होते, माणसेही होती. स्वतंत्र देशाने मात्र झिरपण्याचाच सिद्धांत नव्या नावाने चालवला.

आणि तो आज वर्गावर्गांत चालतो. त्याचे आजचे नाव 'पोर्शन'.

माझ्या ओळखीच्या एका घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी पाचवीत होती, तेव्हाची गोष्ट. मुलगी चुणचुणीत, वही आरशासारखी लख्ख. धड्याखालच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे सुवाच्य अक्षरात, पानोपानी लाल पेनाने बरोबरच्या खुणा आणि तारखेसह सही. पुस्तकातला धडा वाच म्हटले की खडाखडा म्हणायची. मग मी तिच्यापुढे दुसरीच्या पातळीचा, तिने न पाहिलेला एक परिच्छेद ठेवला. चार ओळींचा. ती पहिल्या शब्दावर थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि मग चित्र नाही का, असे विचारले. त्रेपन्न लिही म्हटल्यावर तिने ३५ लिहिले. वहीतली उत्तरे फळ्यावरून उतरवलेली होती. शाळेचा पोर्शन जानेवारीतच पुरा झाला होता, असे तिच्या आईने अभिमानाने सांगितले.

हा अपवाद असता तर मी लिहिला नसता. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून हीच साधी चाचणी घराघरांत जाऊन घेतली जाते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्क्यांना दुसरीचा उतारा वाचता आला. पाचवीतल्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांना. उलटे वाचा: पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांपुढे पाचवीचे पुस्तक ठेवून शिक्षक 'लेखकाच्या मते निसर्गाचे महत्त्व स्पष्ट करा' असे शिकवत असतात.

दिल्लीतल्या सरकारी शाळांच्या मुलांवर कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि ॲलेहांद्रो गॅनिमियन यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. त्याहून धक्कादायक म्हणजे वर्गातल्या सर्वांत मागच्या तिसऱ्या हिश्श्याची प्रगती नेहमीच्या शिकवण्याने त्या काळात जवळपास शून्य होती. मुले शाळेत येत होती, शिक्षक शिकवत होते, पुस्तकाची पाने उलटत होती आणि त्या मुलांपर्यंत काहीही पोचत नव्हते. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. तिसरा हिस्सा उतारू फलाटावरच राहिले आणि कुणी मोजले नाहीत.

शिक्षकांना दोष देणे इथे सर्वांत सोपे असते, म्हणून एक आकडा सांगतो. २००३ मध्ये अचानक भेटी देऊन केलेल्या देशव्यापी पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांतले २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले होते. सर्व राज्यांत कमी गैरहजेरी महाराष्ट्रात होती: १४.६ टक्के. आपले गुरुजी वर्गात असतात. प्रश्न आहे तो वर्गात असलेल्या माणसाला आपण काय करायला सांगितले आहे, हा. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे हे त्यात आहे. प्रत्येक मुलाची कुवत जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे, हेही लगेच पुढच्याच उपकलमात आहे. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाला दोन्ही जमत नाहीत. मग तो तपासले जाते ते करतो. पोर्शन किती झाला हे कागदावर दिसते. मागच्या बाकावरच्या पोराला 'क' आणि 'फ' यांतला फरक कळला का, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यातच सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही कामे शिक्षकावर ठेवलेलीच आहेत, शिवाय रोजचे कुठले ना कुठले ऑनलाइन माहिती भरणे.

व्हिएतनाममध्ये तरी वेगळे काय होते? माझ्या वाचनात आले त्यावरून तिथले शिक्षक काही जादूगार नाहीत. वर्ग जुन्या वळणाचे, शिस्तीचे, पाठांतरही पुष्कळ. शिकवण्यांचे पेव तर इतके, की स्वतःच्या वर्गातल्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या सरकारला बंदी आणावी लागली. हे वाचून पुण्या-नाशकातल्या वाचकाला घरी आल्यासारखे वाटेल. नेमक्या कशाने फरक पडला यावर अभ्यासकांत वाद आहेत. मोजता येणाऱ्या गोष्टी एकत्र करूनही त्या यशाचा बराच भाग उलगडत नाही, असे अर्थतज्ज्ञ पॉल ग्लेवी आणि सहकाऱ्यांना आढळले. माझा कौल सांगतो: पहिल्या दोन इयत्तांत वाचन-गणित पक्के झाल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, हा आग्रह. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट भारतासारख्या देशांच्या अभ्यासक्रमाला अतिमहत्त्वाकांक्षी म्हणतात. पुस्तक मुलापेक्षा वेगाने धावते, आणि एकदा मागे पडलेले मूल कायमचे मागे राहते. आपल्या पुस्तकाचा वेग पहिल्या बाकावरच्या मुलाने ठरवलेला असतो, ज्याच्या घरी आई अभ्यास घेते.

युरोपातले एक उदाहरण मला म्हणूनच बोलके वाटते. पोलंडने १९९९ मध्ये मुलांची हुशार आणि कामगार अशी वाटणी एक वर्ष पुढे ढकलली. सगळ्यांना आणखी वर्षभर एकत्र, एकाच अभ्यासक्रमात ठेवले. २००० च्या पिसात पोलंडचे वाचनाचे गुण ४७९ होते, २०१२ मध्ये ५१८ झाले. लोक तेच, हवा तीच, घरातले जेवण तेच. वाढ मोठी झाली ती मागच्या मुलांची. फिनलंडची कीर्ती आपल्याकडे 'गृहपाठ नाही, परीक्षा नाही' अशी पसरली आहे, ती बरीचशी भाबडी आहे. तिथली खरी गोष्ट १९७० च्या दशकातली, सर्व मुलांना नऊ वर्षे एकाच शाळेत आणणारी, आणि अडखळलेल्या मुलाला त्याच आठवड्यात वेगळे बसवून हात देणारी. अर्थात फिनलंडही घसरला: २००६ मध्ये गणितात ५४८, २०२२ मध्ये ४८४. कोणत्याही देशाची पूजा बांधायच्या आधी हे आकडे पाहावेत. आणि कोरियाची पूजा बांधणाऱ्यांनी हेही पाहावे, की सोलमध्ये शिकवणी वर्गांना रात्री दहाला कुलूप लावायचा नियम करावा लागला. लातूर पॅटर्न पाहिलेल्या महाराष्ट्राला त्यात शिकण्यासारखे काही नाही, सावध होण्यासारखे आहे.

आपल्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो: आमची मुले ऑलिंपियाडमध्ये पदके आणतात, अमेरिकेतल्या कंपन्या चालवतात, मग देश मागे कसा? जिष्णू दास आणि त्रिस्तान झायोन्क यांनी ओडिशा आणि राजस्थानातल्या नववीच्या मुलांना आंतरराष्ट्रीय परीक्षेतली गणिते घालून जो हिशेब मांडला, त्यात याचे उत्तर आहे. त्यावरून त्यांनी बांधलेला अंदाज असा, की अमेरिकेत अव्वल गुणांची दहा मुले असतील, तर भारतात चार. आणि अमेरिकेत तळाशी दहा असतील, तर भारतात दोनशे. शिखर आहेच. पण देशाची सरासरी शिखरावर ठरत नाही, ती त्या दोनशेंवर ठरते. सिंगापूर २०२२ च्या पिसात गणितात ५७५ वर होता, याचे मोठे कारण तिथे अगदी तळाला राहिलेली मुले थोडी आहेत.

बरे, उपाय गूढ नाहीत, आणि यातला एक तर मुंबईतच घडला. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'प्रथम'ने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतलीच एखादी मुलगी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोन तास वेगळे घेऊन बसायची आणि इयत्ता विसरून त्यांना येते तिथून सुरुवात करायची. बॅनर्जी-डफ्लोंनी ते मोजले, आणि फायदा सर्वांत जास्त तळाच्या मुलांना झाला. त्यांच्या २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे अशा प्रयोगांचा मोठा हात आहे. ही पद्धत पुढे आफ्रिकेतल्या देशांनीही उचलली. आपल्याकडे तिचे उपक्रम होतात. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' २०१५ मध्ये आले, २०२१ पासून 'निपुण भारत' आहे. चांगले आहेत. पण उपक्रम संपला की वर्ग पुन्हा पोर्शनकडे वळतो, कारण जूनमध्ये छापलेले नियोजन तसेच असते आणि मार्चची परीक्षा तशीच.

एक सूचना मात्र करतो, आणि ती पिसाबद्दलच आहे. २०२१ साली होणार होती आणि कोविडमुळे २०२२ वर गेली, त्या फेरीला भारत पुन्हा बसायच्या तयारीत होता. शेवटी बसलाच नाही. तेव्हा निवड कुणाची झाली होती? केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंडीगड शहर. प्रवेश परीक्षा देऊन आलेली मुले, बदलीवर फिरणाऱ्या सरकारी नोकरांची मुले आणि देशातल्या सुखवस्तू शहरांपैकी एक. व्हिएतनामच्या निम्म्या नमुन्यावर बोट ठेवणाऱ्यांनी आपला हा नमुनाही पाहून ठेवावा. परीक्षेलाही आपण पहिल्याच बाकाला पाठवणार होतो. पुढच्या फेरीला महाराष्ट्राने स्वतःहून नाव द्यावे, आणि चिठ्ठ्या टाकताना नंदुरबार-गडचिरोलीच्या आश्रमशाळा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले असलेल्या बीडच्या जिल्हा परिषद शाळा आणि मुंबई महापालिकेच्या शाळा त्या डब्यात असाव्यात. किर्गिझस्तानच्या खाली गेलो तरी चालेल.